एवाल्ड आणि कापलेली फीत

आमच्या एवाल्डला बस चालवताना पाहिलेले लोक म्हणतात, काय शांत माणूस. घरी येऊन बघा म्हणावं. जुन्या जर्मन राजेरजवाड्यांची मानचिन्हं आणि पदकं गोळा करायचं खूळ त्याला आमच्या लग्नाआधीपासूनचं. कैसर गेला, ड्यूक गेले, पण त्यांनी वाटलेला सगळा चकचकाट आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला. माझ्या चांगल्या चमच्यांना खण मिळत नाही, आणि कुठल्या टीचभर संस्थानाच्या पदकाला मात्र मखमलीचा बिछाना.

वर त्याचा एक नियम. जोड दिलेली वस्तू चालत नाही. मिन्याचा टवका भरलेला असो, नाहीतर फीत नवी लावलेली असो, हा भिंग काढणार, नाक मुरडणार आणि वस्तू जागच्या जागी ठेवून देणार. विकणारे त्याला लांबून येताना पाहिलं की उसासे टाकतात. गेल्या वर्षी माझा गुडघा बदलला, तेव्हा मी म्हटलं, "आता मला ठेवणार की परत करणार?" तर हा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतो, "बघू."

इतकी वर्षं घालवूनही त्याच्याकडे गळ्यात घालायचा क्रॉस, म्हणजे क्रुसाच्या आकाराचं मोठं पदक, नव्हता. तसा एक आमच्याच गावात होता, हार्म्सबाईंकडे. बाई एक्क्याण्णव वर्षांच्या, मूळच्या उत्तर जर्मनीच्या. त्यांच्या आजोबांनी पटकीच्या साथीत माणसं वाचवली म्हणून तिथल्या ड्यूकनं तो त्यांच्या गळ्यात घातला होता. बाई विकायच्या नाहीत. म्हणायच्या, "जो नीट सांभाळेल त्याला असाच देईन. आधी माणूस बघू दे." गावच्या संग्रहालयात प्रदर्शन ठरलं तेव्हा त्यांनी क्रॉस तिथे पोचवायचं काम एवाल्डला सांगितलं. ही परीक्षा आहे हे त्यालाही कळत होतं. त्या आठवड्यात त्यानं दोनदा केस कापून घेतले.

पण बाईंनी दिवस नेमला गुरुवार, आणि तोही कार्निव्हलचा, बायकांचा गुरुवार. त्या दिवशी आमच्या ऱ्हाईन नदीकाठच्या गावावर बायकांचं राज्य असतं. दिसेल त्या पुरुषाचा टाय कात्रीनं कापायचा आणि भरपाई म्हणून गालाचा पापा द्यायचा. मी म्हटलं, "अरे, शुक्रवारी ने." पण हार्म्सबाईंना आमचा कार्निव्हल मान्य नाही. त्यांच्या लेखी गुरुवार म्हणजे गुरुवार.

एवाल्ड मुद्दाम टाय न लावता गेला. बाईंनी क्रॉस आणला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात घातला. "खिशात टाकून न्यायला ती काय किल्ली आहे?" हा कोटाची सगळी बटणं लावून निघाला आणि चौकात सापडला कुणाच्या हाती, तर माझ्याच धाकट्या बहिणीच्या.

आमची फिनी म्हणजे एक नंबरची अवदसा. चार मैत्रिणी, पोटात दोन बिअर आणि हातात शिवणाची कात्री. "दाजी, टाय कुठे लपवलात?" म्हणत तिनं कोटाची बटणं उघडली. आत फितीला लटकलेला क्रॉस. त्या दिवशी निम्म्या गावाच्या गळ्यात कार्निव्हलची पत्र्याची पदकं लोंबत असतात. हिला वाटलं, हेही त्यातलंच. "टाय नाही तर फीत तरी," म्हणाली आणि कचकन कापली. एवाल्डचा चेहरा बघून तिचं हसू तिथेच थांबलं.

दोघं आमच्या स्वयंपाकघरात आली. मी मुत्झन, कार्निव्हलची गोड भजी, तळत होते, मी गॅस बंद केला. एवाल्डनं क्रॉस टेबलावर ठेवला. तो शाबूत होता, पण शंभर वर्षांची फीत दोन तुकडे. फिनी रडवेली झाली.

"दाजी, तुमच्या खणात जुन्या फितीची गुंडाळी आहे ना, हाच रंग, हाच काळ? मी बदलून देते. हार्म्सबाईंना या वयात काय दिसणार?"

एवाल्डनं खण उघडला. गुंडाळी काढली, फितीशी लावून पाहिली. हुबेहूब. इतक्या वर्षांची हौस पुरी व्हायला फक्त गप्प बसायचं होतं. त्यानं गुंडाळी परत खणात टाकली.

"कोट घाला," तो म्हणाला. "सांगून येऊ."

आम्ही तिघं गेलो. हार्म्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग फिनीकडे वळल्या. "मी चाळीस वर्षं वरच्या खिडकीतून तुमचा हा तमाशा बघतेय. कापलं की पापा द्यायचा असतो. दिलास का?"

"राहून गेला," फिनी पुटपुटली.

"मग आधी तो दे. उधारी मला आवडत नाही."

फिनीनं एवाल्डचा पापा घेतला. तो बीटासारखा लाल झाला. मग बाईंनी सुईदोरा मागवला आणि फिनीला समोर बसवून फीत शिवून घेतली. टाके वाकडे पडले.

"एवाल्ड," बाई म्हणाल्या, "गावभर ऐकलंय, तुम्हाला जोड दिलेली वस्तू चालत नाही. मग हा मी दुसऱ्या कुणाला देऊ?"

एवाल्डनं त्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "आमच्या घरात एक गुडघा जोडलेला आहे," तो म्हणाला. "हल्ली तर जिनाही चढतो. त्या गुडघ्यावाचून माझं चालायचं नाही."

खिडकीबाहेर बँड वाजत होता, मी आपलं तिकडे तोंड करून डोळे पुसले.

"मग प्रदर्शन संपलं की परत आणून द्यायला येऊ नका," हार्म्सबाई म्हणाल्या. "घरीच न्या."

आता क्रॉस आमच्या कपाटात आहे, टाके समोर करून. कुणी विचारलं की एवाल्ड सगळी हकीकत सांगतो, फक्त गुडघ्याचं वाक्य गाळतो. ते मी सांगते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं माझं केलेलं तेवढंच एक कौतुक, आणि तेही बहिणीची कात्री चालली म्हणून.