नानांच्या पोटात माझं यकृत

"लिव्हर सिऱ्हॉसिस. यकृत आतून कडक होऊन निकामी झालंय. आता ट्रान्सप्लांट, म्हणजे यकृत बदलणं, एवढाच उपाय आहे," डॉक्टर म्हणाले. भावानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा रक्तगट जुळत नव्हता, म्हणूनच मला फोन करून बोलावलं होतं. माझा जुळला.

नाना माझे वडील. मखमलाबादला गुलाब पिकवतात. दारूचा थेंब नाही. डायबेटिस आणि यकृतात साठलेल्या चरबीनं घात केला. मी पेठ तालुक्यातल्या आदिवासी शिक्षकाशी, सुरेशशी, लग्न केलं तेव्हा ते म्हणाले होते, "तू आम्हाला मेलीस." त्यानंतर त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं.

रक्त, सीटी स्कॅन, एमआरआय. तपासण्या संपता संपेनात. मग अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीनं मला एकटीला बसवून विचारलं, "कुणाचा दबाव?"

"नाही."

"मग का देताय?"

"वडील आहेत."

खरं उत्तर मी गिळलं. मेले असते तर ते सुटले असते. मला ते जगायला हवे होते, माझ्या तुकड्यावर, रोज.

"माझं उरलेलं यकृत मला पुरेल का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"वाढेल. कापल्यावर शरीरात ग्रोथ फॅक्टर सुटतात, म्हणजे वाढीचे निरोप. ते पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात. तिथून निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोचतो आणि एका पेशीच्या दोन होतात. या वाटेला सिग्नलिंग पाथवे म्हणतात. पुरेसं वाढलं की थांबायचेही निरोप येतात."

ऑपरेशननंतर खोकला आला तरी जीव जायचा. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पोटावर उशी दाबून खोका. काही आठवड्यांनी सोनोग्राफीत यकृत वाढलेलं दिसलं.

त्याआधीच, नाना आयसीयूतून वॉर्डात आले तेव्हा सुरेशनं त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. भाऊ स्वतः पाणी द्यायला उठू लागला.

"तू बस," मी म्हणाले. "नाना, पाणी प्या."

सुरेशनं ग्लास तसाच धरून ठेवला. मग ते प्यायले. त्यांचे डोळे भरले होते. मला बरं वाटलं.

डॉक्टरांची, सिस्टरांची मी कायम ऋणी आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर भिऊ नका. पण अवयव दिला की मन आपोआप निवळतं, असं धरून चालू नका. मी नानांना माफ केलेलं नाही. दर रविवारी आम्ही मखमलाबादला जेवायला जातो. सुरेशचं ताट नानांच्या शेजारी मी स्वतः मांडते.