भिजत घातलेली दोरी

गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी काल रात्रभर आमच्या न्हाणीघरात, बादलीतल्या पाण्यात वेटोळं घालून पडली होती. तिच्याकडे पाहून माझं डोकं तापत होतं. सकाळी वऱ्हाड यायच्या आत मंगल कार्यालयाचं लॉन कापून द्यायचं होतं आणि घासाघीस करून घेतलेली ही दोरी सारखी तुटत होती. म्हणून काल संध्याकाळी भांडायलाच दुकानात गेलो होतो.

"जाड दोरी दे," मी ओरडलो.

"शेठ, जाड दोरी तुमच्या मशीनच्या हेडमध्ये, त्या फिरत्या चकतीत बसणार नाही," दुकानदार म्हणाला. "ही वाळून कडक झालीय, म्हणून तुटते. रात्रभर भिजत घाला."

"का, उसळ करायचीय तिची?"

घातली मात्र भिजत. उन्हातान्हात राबून माणूसही असाच कडक होतो, बारीकसा खडा लागला तरी ताडकन तुटतो. आम्हाला कुणी बादलीभर गारवा दिला?

सकाळी दोरी एकदाही तुटली नाही. सनई सुरू व्हायच्या आत लॉन गालिच्यासारखं झालं. मी हात पुसले आणि दुकानदाराला फोन लावला.

"भिजवायची असते, हे विकतानाच सांगता येत नव्हतं?"

मग कुठे जेवण गोड लागलं.