मनकर्णाबाईचे उपवास

ज्या सालात वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच सालात मनकर्णाबाई उपाशी राहायला लागली. ऐकणाऱ्याला हे उफराटे वाटेल, पण ज्यांनी ती साले काढली त्यांना विचारा. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा गोऱ्यांची आपसात जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि अमरावतीचे दलाल बार्शीटाकळीच्या आसपासची खेडी पालथी घालू लागले. मग काय विचारता! लोकांनी जवारी मोडून कापसाची पऱ्हाटी पेरली. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढल्या, बायकांच्या नाकात नव्या नथी आल्या, आणि जवारी मात्र बाजारात शोधून सापडेना. अंगावर जरीकाठ आणि कणगीत उंदीर, असली ती श्रीमंती.

खुशालरावच्या घरीही तेच. मनकर्णाबाई त्याची थोरली बहीण. चौदाव्या वर्षी कपाळाचे कुंकू पुसले गेले, बापाने तिला माघारी आणले, आणि तेव्हापासून चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळे घर तिच्या हातावर चालले. भाऊ काय, भावजय शकुन काय, कोणी तिला कधी टाकून बोलले नाही. पण आपण या घरात फुकटचे बसलो आहोत, हे तिचे तिनेच ठरवून टाकले होते. चांगले लुगडे भावजयीला, दुधावरची साय पोरीला, आणि स्वतःला भांड्याची खरवड.

कणगी खाली गेली तशी ती टोपल्यात डोकावून मगच पंगत वाढू लागली. भाकरी पुरणार नाहीत असे दिसले की म्हणायची, "आज माह्या उपवास हाय." सोमवार, चतुर्थी, एकादशी झाली. मग बुधवार आला. मग स्वप्नात आलेल्या कुठल्याशा देवीचा शुक्रवार. पंचांगात नव्हते इतके उपवास तिच्याकडे होते. फराळाचे विचारले तर म्हणे, निरंकार आहे. गावात नाव झाले. बाया लेकींना सांगत, बाई असावी तर मनकर्णाबाईसारखी. मला विचाराल तर त्या कौतुकानेच तिचा घात केला. पोटात आग पडलेली असताना चार माणसे वाहवा करतात, आणि माणूस पाणी पिऊन पुन्हा कामाला लागतो.

वच्छला ही खुशालरावची थोरली पोर, आठ वर्षांची. आईच्या अंगावर तान्ही रुख्मिणी होती, म्हणून वच्छला आत्याच्याच गोधडीत वाढली. आत्या वेचणीला निघाली की ही तिच्या मागे, कमरेला ओटी बांधून. आत्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची, आत्यासारखी "अरे देवा" म्हणत खाली बसायची. घरातले पोट धरून हसत.

त्या वर्षी वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादही झाली. बोंडाला हात लावण्याआधी पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभात शिंपडायचा, आणि वेचणाऱ्या बायांनी तिथेच बसून तो खायचा, अशी रीत. त्या दिवशी वेचणारीने उपाशी राहू नये म्हणतात. भात थोडा होता, बाया जास्त होत्या. शकुनने पुढे ठेवलेले पान मनकर्णाबाईने सरकवले. "माह्या उपवास हाय."

शेजारून तसेच एक पान सरकले. "माह्याबी हाय. आईले द्या, तिच्या अंगावर बाळ हाय."

बाया खळखळून हसल्या. "आत्यावरच गेली व पोरगी!"

मनकर्णाबाईही हसली. तिने पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. आपल्यासारखे कोणीतरी झाले, याचा तिला अभिमान वाटला. त्या हसण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधीच माफ केले नाही.

त्यानंतर वच्छला कधी जेवली, कधी नाही, कोणाच्या ध्यानात राहिले नाही. वेचणीची घाई होती. आई समजे आत्याजवळ जेवली, आत्या समजे आईजवळ जेवली. पोर आपली भाकर हळूच आईच्या ताटात सरकवी आणि पाणी पिऊन गोधडीत शिरे. पूस महिन्याची थंडी पडली, पोरीला ताप आला, आणि तापाशी झुंजायला अंगात काही उरलेच नव्हते. नत्थुजी वैद्याने तिचे मनगट हातात धरले आणि घरातल्या सगळ्यांकडे पाहिले. "या पोरीले खायले देत नव्हते का तुमी?" अंगणात कापसाची गाडी भरून उभी होती.

मनकर्णाबाई कण्यांची पेज घेऊन तिच्या उशाशी बसली. "घे माय, एक घोट."

"आज उपवास हाय ना, आत्या?"

"कोनाचा उपवास? कायचा उपवास? घे."

"मंग तू काहून नाही खात? तू खाय, मंग मी खातो."

तिने वाटी तोंडाला लावली. आत्या खरेच गिळते की नाही, ते पोर टक लावून पाहत होती. मग तिने दोन घोट घेतले. संध्याकाळी आणखी दोन. दर वेळी आधी आत्या, मग ती. तीन दिवस दोघी अशा जेवल्या. लोक देवाला उपवास बोलतात. मनकर्णाबाईने त्या तीन दिवसांत जेवण बोलले. पोरगी वाचू दे, मी रोज पोटभर जेवीन.

चौथ्या दिवशी वच्छला गेली.

सुतक फिटले तेव्हा भाऊबंद जेवायला बसले. मनकर्णाबाई आता अन्न सोडणार, असे सगळ्यांनी धरूनच चालले होते. ती आली आणि पहिल्या पंगतीच्या टोकाला पाट मांडून बसली. "शकुन, मले वाढ. आन् तुयंबी ताट घे."

खुशालराव ओशाळला. "बाई, मानसं जेवू दे आधी. लोक काय म्हनतीन?"

"उरलं तर जेवीन, असं मी वीस वर्सं केलं, खुशाल. पोरीनं तेच पायलं. आता नाही."

ती जेवली. घास उतरेना, डोळ्यांतले पाणी ताटात पडत होते, पण तिने ताटातले सगळे संपवले. शकुन तिच्या शेजारी बसली आणि खाली मान घालून तीही जेवली.

गावाने लगेच जीभ फिरवली. पोर जाऊन पंधरा दिवसही झाले नाहीत तो ही गिळायला बसली, असे त्याच बाया पाणवठ्यावर बोलल्या. तिला ते लागले नाही असे नाही. कौतुकाची सवय झालेल्या माणसाला निंदा फार झोंबते. तरी ती रोज जेवली. पुढच्या मृगात खुशालराव विहिरीजवळच्या शेवटच्या तुकड्यातही पऱ्हाटी पेरायला निघाला, तेव्हा ती तिफणीपुढे उभी राहिली. "इथं जवारी."

"कापसाचा भाव पायला का, बाई?"

"पायला. त्याच भावाच्या सालात वच्छी गेली."

खुशालरावने बैल माघारी वळवले. तो बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही.

लढाई मिटली, भाव उतरले, रुख्मिणी आठ वर्षांची झाली. एका दुपारी तिघी जेवत होत्या. टोपल्यात भाकरी कमी होत्या. रुख्मिणीने आपली अर्धी भाकर आईच्या ताटात सरकवली. "मले भूक नाही."

मनकर्णाबाईचा हात ताटातच थांबला. तिने ती अर्धी भाकर उचलून पोरीपुढे परत ठेवली. "माह्याकडं पाय," ती म्हणाली, आणि आपला घास तोंडात घालून गिळला. "आता तू."

रुख्मिणी खाऊ लागली. तिचा घास खाली उतरेपर्यंत मनकर्णाबाई तिच्या गळ्याकडे पाहत राहिली.