नखाएवढा रस्ता, अर्ध्या पानाचा पूल

आमच्या घरात दोन देशांच्या वेळा चालतात, असं माझी बायको म्हणते. मी बेकरीत भट्टीवर कामाला. माझी सकाळ होते तेव्हा बाकीच्या जगाची झोप रंगात आलेली असते, आणि दुपारी मी जरा आडवा झालो की ही शाळेतून वह्यांचा गठ्ठा घेऊन येते. सातवीला भूगोल शिकवते. सगळी शाळा तिला बाई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्या हाकेला निदान ओ तरी मिळते.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला जगातल्या वेळा शिकवल्या. मी आणलेला गरम गोल पाव एका हातात, टॉर्च दुसऱ्या हातात. पाव हळूहळू फिरवत म्हणाली, "हे बघा, इथं उजाडलं, इथं मावळलं. दोघांची घड्याळं वेगळी, पण चूक कुणाचीच नाही." मला पटलं. पण समजावणं संपेपर्यंत पाव गार होऊन गेला.

मुलं मागून तिला 'प्रमाणबाई' म्हणतात. नकाशाखाली प्रमाण लिहिलं नाही की गुण कापलेच म्हणून समजा. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर किती, हे सांगितलं नाही तर तो नकाशा नव्हे, नुसतं चित्र, हे तिचं वाक्य मी झोपेतही म्हणून दाखवीन. आणि याच आमच्या बाईला दोन गल्ल्यांपलीकडचा दवाखाना सापडत नाही. कागदावर पृथ्वीप्रदक्षिणा करेल, रस्त्यावर आली की डावं-उजवं सगळं एकच. म्हणून नव्या ठिकाणी जायचं असलं की मला बरोबर नेते, आणि चुकलो की माझ्यावरच डाफरते.

त्या वर्षी तिनं वर्गाला घर ते शाळा असा नकाशा काढून आणायला सांगितला होता. रात्री जेवताना एक कागद माझ्यापुढे नाचवत म्हणाली, "हे बघा, काय आहे हे!" शाळेसमोरचा लांबच लांब रस्ता त्यात नखाएवढा होता. रेल्वेवरचा पूल मात्र अर्ध्या पानावर पसरलेला, एकेका पायरीसकट. प्रमाणाची जागा कोरी.

"चांगला काढलाय की," मी म्हणालो.

"चांगला? अहो, पोरगी हुशार आहे. म्हणून तर जास्त राग येतो."

दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद वर्गासमोर धरला. नाव घेतलं नाही, पण प्रमाण नसलं की नकाशाचं काय होतं ते बघा, म्हणाली. वर्ग हसला. वर्गाला हसायला निमित्तच हवं असतं, आणि नाव न घेतल्यानं काय होतं? कागद कुणाचा ते शेजारच्या बाकाला माहीत असतंच.

त्यानंतर ती मुलगी शाळेत आलीच नाही. आधी वाटलं, ताप असेल. मग वर्गातल्या एकीनं सांगितलं, ती म्हणते मला काही येत नाही, मी आता शाळेत येणारच नाही. मुख्याध्यापिका बाईंनी आपलं नेहमीप्रमाणे थंडपणे सांगून टाकलं की अशीच गैरहजर राहिली तर पटावरून नाव कमी करावं लागेल. त्या दिवशी आमच्या बाईनं ताटाला हात लावला नाही. "माझ्यामुळे एक पोर शाळा सोडतेय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी समजूत घालायला गेलो, तर मलाच बोलणी बसली.

"मग घरी जाऊन भेट तिला," मी म्हणालो. "पत्ता काय?"

"शाळेत नुसतं 'पुलापलीकडे' एवढंच लिहिलंय." मग पर्समधून तोच नकाशा काढून म्हणाली, "आता यावरूनच जायचं."

रविवारी दुपारी आम्ही शाळेच्या फाटकापासून निघालो. कागदावर नखाएवढा असलेला तो रस्ता काही केल्या संपेना. सपाट, रुंद, दोन्ही बाजूंना दुकानांच्या बंद शटरची रांग. बाई पुटपुटत होती, "इतका मोठा रस्ता, आणि हिनं एवढासा काढलाय! प्रमाण नको का?" मी गप्प होतो. संसारात काही वेळा गप्प राहिलेलं बरं, हे मी भट्टीपेक्षा घरातच जास्त शिकलो.

मग पूल आला. साधा लोखंडी पूल, आपण बोलता बोलता चढून जातो तसा. बाई कागद समोर धरून चढायला लागली. कागदावर मधेच एक गोल होता, तिथं खरोखर वळणावर एक सिमेंटचा कट्टा निघाला. पुढे कठड्याची रेघ तुटलेली दाखवली होती, तिथं कठडा खरंच मोडलेला होता, हात धरायला काही नाही. आणि नेमक्या त्या चार पायऱ्या पोरीनं बोट बोट रुंद काढल्या होत्या.

बाई तिथंच थांबली. खाली एक गाडी धडधडत गेली, तरी हिचं लक्ष कागदातच.

"अहो," ती म्हणाली, "तिचा एक पाय अधू आहे."

"मग मला हे आज सांगतेस?"

"माहीत होतं हो मला. पण ती सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसलेली असते, आणि सगळे गेल्याशिवाय उठत नाही. मी तिला चालताना कधी नीट बघितलंच नाही." मग कागदावर बोट ठेवत म्हणाली, "हिनं अंतर मोजलेलंच नाही. वेळ मोजलाय. जिथं जास्त वेळ लागतो, तिथं जास्त कागद."

आणि आमची बाई, जिला मी आजारपणातही रडताना पाहिलं नव्हतं, त्या पुलावर ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मला तिची दया आली, आणि खरं सांगतो, तेव्हा ती मला फार आवडली.

त्यापुढे ती मला एकदाही रस्ता विचारायला वळली नाही. उखडलेल्या फरशा, गटारावरची हलणारी लादी, सगळं कागदावर मोठं मोठं होतं. शेवटी एका खोलीच्या दारात एक बाई टेबलावर इस्त्री करताना दिसली. आत घड्या घातलेल्या कपड्यांच्या थप्पीमागे मुलगी. आम्हाला बघून ती आणखी मागे सरकली.

"मी काही तिला अडवलेलं नाही, बाई," आई म्हणाली. इस्त्री तिनं उभी करून ठेवली. "पण रडत रडत पूल चढायला लावू का पोरीला? चिमे, ये की पुढे. बाई आल्यात."

चिमी काही हलेना. मग आमची बाईच खाली फरशीवर तिच्यासमोर बसली आणि तो नकाशा दोघींच्या मधे पसरला.

"मी यावरून आले. कुठंही चुकले नाही. चूक माझी होती, बाळ. मला तुझा नकाशा वाचता आला नाही, आणि मी वर्गाला हसायला लावलं."

मुलीनं आधी आईकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"शाळेसमोरचा रस्ता एवढासा का गं?" बाईनं विचारलं.

"तो सपाट आहे, बाई. तो लगेच संपतो." मग बोट पुलावर नेत ती म्हणाली, "पूल संपतच नाही."

"मग याचं प्रमाण काय लिहायचं? सांग तूच. मला नाही सांगता येणार."

चिमीनं बराच विचार केला. कट्ट्याच्या गोलापासून पुढच्या वळणापर्यंत बोट टेकवत नेलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं. मग पेन्सिल मागून घेतली आणि खालच्या कोऱ्या जागेत गोल अक्षरात लिहिलं, 'एक बोट म्हणजे एकदा दम'.

बाईनं ते वाचलं. आईनंही खांद्यावरून वाकून वाचलं आणि पदर तोंडाला लावला. रोज पोरीला दारातून निरोप देणाऱ्या त्या माउलीलाही पुलावर किती वेळा दम लागतो, ते बहुतेक त्या दिवशीच कळलं.

मला वाटलं, आता बाई वर्गातल्यासारखं काहीतरी मोठं बोलेल, पण तिनं कागद चिमीपुढे सरकवला. मुलीनं कागदाची नीट घडी घातली आणि हळूच विचारलं, "बाई, उद्या भूगोलाचा तास कितवा?"

वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या आमच्या बाईनं नुसतं एक बोट वर केलं.

"पहिला?" चिमी आईकडे वळली. "मग आई, मला लवकर उठव."