बिनचिठ्ठीचा बदल

सत्तावीस वर्षं वहीमास्तर रोज सकाळी एकच काम करत आले. कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, डेटाबेसच्या किती यंत्रणा चालू आहेत, कुठल्या यंत्रणेला किती मेमरी दिली आहे, कालच्यापेक्षा कुठला आकडा वेगळा दिसतो, हे पडद्यावर बघायचं आणि वहीत उतरवायचं. मंजुरीची चिठ्ठी न घेता कुणी आकडा हलवला की मास्तर त्याला हुडकून काढत. ‘चिठ्ठी नाही तर नोकरी नाही’ हा नियम त्यांनीच हट्टाने करून घेतला होता. त्यापायी दोन पोरं घरी गेली, तेव्हा मास्तरांना काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

मग हेच काम आपोआप करणारी नवी शोधप्रणाली आली. तिने चाळीस मिनिटांत सगळ्या यंत्रणा शोधून यादी केली, आणि ती वहीशी तंतोतंत जुळली. माणसाला आनंद व्हावा, तर मास्तर चूक सापडेल म्हणून ती यादी पुन्हा तीनदा ताडून बसले.

"महिनाअखेरीस वही बंद," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "आता आराम करा, मास्तर."

आराम म्हणजे काय, हे न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

घरी बायको म्हणाली, "अहो, त्या यंत्राला तुमच्याइतकं बारीक थोडंच दिसतंय? दाखवून द्या ना एकदा!"

तेच डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मास्तरांनी सर्वांत कमी वापराच्या यंत्रणेच्या मेमरीचा आकडा एकाने वाढवला. प्रणालीला पत्ता लागणार नाही, मग वहीतली नोंद मॅडमपुढे ठेवायची, असा बेत. जन्मभर दुसऱ्यांना पकडलेल्या माणसाला आपणही पकडले जाऊ शकतो, हे सुचलंच नाही.

नोंदीसाठी त्यांनी वही उघडली, तेवढ्यात मॅडम प्रणालीने काढलेला कागद घेऊन उभ्या. आधीचा आकडा, नंतरचा आकडा, वेळ. खाली मास्तरांचं नाव.

"चिठ्ठी?"

"मी फक्त बघत होतो, मॅडम. लगेच पूर्ववत करणार होतो."

"ती दोन पोरंही हेच म्हणाली होती."

मास्तरांना त्या दोघांचे चेहरे आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी पेन उचलला. बदल लिहिला, वेळ लिहिली. ‘कोणी’च्या रकान्यात स्वतःचं नाव, ‘चिठ्ठी’च्या रकान्यात ‘नाही’. खाली रोजच्यासारखी सही केली.

दारात रखवालदाराने त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं. वही कुणी मागितलीच नाही.