अत्तम्मांच्या खुर्चीचं पॉलिश

आमच्या घरात एक आरामखुर्ची आहे आणि ती माझ्या सासूबाईंची आहे. म्हणजे तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, ओला टॉवेल टाकायचा नाही, आणि तिला पुसायचं ते फक्त त्यांनीच. दर अमावास्येला त्या फडक्यावर खोबरेल घेऊन खुर्चीचे हात, पाय, पाठ चोळत बसायच्या. तीस-पस्तीस वर्षं तेल पिऊन आणि सोलापूरची धूळ खाऊन त्या सागवानाचा रंग असा झाला होता की पाहुणे विचारायचे, "शिसवी आहे का हो?" सासूबाई नाही म्हणायच्या नाहीत.

मी त्यांना अत्तम्मा म्हणते. त्या तेलुगू विणकरांच्या घरातल्या, मी वैरागची, मराठी बोलणारी. लग्न आम्ही दोघांनी परस्पर ठरवलं. त्याचा राग अत्तम्मांनी कधी बोलून दाखवला नाही, फक्त माझं कौतुक करायचं नाही एवढं ठरवून टाकलं. पुरणपोळी चांगली झाली तर म्हणणार, "डाळ चांगली हाय यंदा." मला बँकेत बढती मिळाली तेव्हा म्हणाल्या, "साहेब चांगला दिसतोय तुमचा." भांडण नाही, तंटा नाही. पण एकदा, मरायच्या आत एकदा, त्यांच्या तोंडून "बरं केलंस" ऐकायचं असं माझ्या मनानं घेतलं होतं. कुणाच्या मरायच्या आत, ते मी ठरवलं नव्हतं.

गेल्या वर्षी अत्तम्मांचे गुडघे गेले आणि नजरही. एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, दुसऱ्यानं सोयीचं तेवढं दिसतं. अमावास्येचं चोळणं बंद पडलं. खुर्ची ओशट व्हायला लागली. बसल्यावर त्यांच्या पातळाला काळपट डाग पडायचे आणि ते मी धुवायचे. मे महिन्यात त्या दहा दिवस लेकीकडे मोहोळला गेल्या. मी नुकतीच निवृत्त झाले होते, हाताला काम नव्हतं आणि अंगात खुमखुमी होती. मनाशी म्हटलं, हीच वेळ. खुर्ची नवीकोरी करून ठेवते, मग बघू कशा कौतुक करत नाहीत ते.

"अम्माला विचारलंस का?" नवऱ्यानं पेपरमधून डोकं न काढता विचारलं.

"विचारलं असतं तर हो म्हणाल्या असत्या का?"

"नाही."

"मग?"

त्यानं पान उलटलं. पुढच्या दहा दिवसांत त्यानं या कामाला केलेली मदत एवढीच, की अधूनमधून "वास येतोय" असं सांगितलं.

खुर्ची मी गच्चीवरच्या पत्र्याखाली नेली. सोड्याच्या गरम पाण्यानं तेलाचा थर काढला, तर खालून आणखी एक थर निघाला. मग पॉलिश पेपर घेतला आणि तीन दिवस घासत बसले. खांदे भरून आले, नाकात भुसा गेला, पण खालून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं तेव्हा मी एकटीच हसले. हार्डवेअरवाल्याकडून चपडी आणली. लाखेचे हे पातळ तुकडे स्पिरिटमध्ये भिजत घातले की पॉलिश तयार होतं. दुकानदारानं बजावलं होतं, "ताई, हात थांबवायचा न्हाय बघा. थांबला की डाग पडतोय." मी कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळला आणि हात थांबू दिला नाही. एकावर एक सात हात दिले. खुर्ची अशी चमकायला लागली की तिच्या हातात मला माझा घामेजलेला चेहरा दिसला, आणि तोही मला चक्क आवडला.

तेवढ्यात वारं सुटलं. मेमधलं सोलापूरचं वारं म्हणजे अर्धी माती. ओल्या पॉलिशवर धूळ बसली तर सगळं मुसळ केरात. सोलापूरच्या माणसाला काहीही झाकायचं म्हटलं की एकच गोष्ट सुचते. आमच्याकडे स्कूटरवर चादर, सोफ्यावर चादर, बंद पडलेल्या कूलरवर चादर. मी धावत खाली गेले, लोखंडी पेटी उघडली, त्यातली सगळ्यात जाड चादर काढली, खुर्चीवर पसरली आणि उडू नये म्हणून सुतळीनं चांगली करकचून बांधली. वर स्वतःलाच शाबासकी दिली.

दोन दिवस खुर्ची त्या तापलेल्या पत्र्याखाली तशीच राहिली. अत्तम्मा यायच्या आदल्या दिवशी मी सुतळी सोडली आणि चादर उचलायला गेले, तर खुर्चीही बरोबर उठली.

कशीबशी चादर सोलून काढली. उन्हानं चपडी मऊ पडली होती आणि चादरीची सगळी वीण तिच्यात उमटली होती. दोन्ही हातांवर चौकटी, चौकटींत रेघा, काठाची नक्षीसुद्धा. एखाद्या कारागिराला कोरायला सांगितलं असतं तर महिना घेतला असता. मी तिथंच गच्चीवर बसले आणि मला रडू आलं. पॉलिशवाल्या मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "आता सगळं खरवडून परत करायचं. चार दिवस तरी लागत्यात की." चार दिवस कुठून आणू?

दुसऱ्या दिवशी सकाळी अत्तम्मा आल्या. खुर्ची तिच्या जागी, मी स्वयंपाकघराच्या दारात, नवरा पेपरमागे. त्या बसल्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि थबकल्या. अत्तम्मांनी वीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माल तपासलेला आहे. सुटलेला धागा त्यांना डोळ्यांआधी बोटांना कळायचा. त्यांची बोटं हळूहळू त्या चौकटींवरून फिरायला लागली.

"ही पेटीतली हाय," त्या म्हणाल्या. "जाड, पाहुण्यांची. कुणी काढली?"

त्यांनी हातांवर जोर दिला, अर्ध्या उठल्या, परत बसल्या. पुन्हा उठून बघितलं.

"हात सरकत न्हाय की आता," त्या म्हणाल्या. आवाज चांगलाच बदलला होता. "मागं तेलानं सटकत होता. दोनदा पडता पडता राहिले, तुमाला सांगितलं न्हाय. लई बरं झालं हे. कुणाचं डोकं?"

मी तोंड उघडलं.

"माझंच की, अम्मा," पेपरमागून आवाज आला.

मी त्याच्याकडे बघितलं. तीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस! दहा दिवस वासाच्या तक्रारी करणारा! अत्तम्मांनी लेकाला जवळ बोलावून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी आत जाऊन चहाचं भांडं ओट्यावर असं आपटलं की त्याला पोचा पडला.

"अगं ए," अत्तम्मांनी हाक मारली. "जरा हात दे. अंघोळीला जाते."

मी फुरंगटूनच गेले आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण उठल्या नाहीत. माझ्या तळहाताला चपडीचे कडक पापुद्रे चिकटलेले होते, घासून घासून बोटांची टोकं खरखरीत झाली होती. त्यांचा अंगठा त्यावरून एकदा फिरला, मग परत एकदा, सावकाश.

"अरे," त्या लेकाकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझा हात दाव बरं इकडं."

नवरा जागचा हलला नाही.

"दाव की. खोटं बोलतोस आईशी? लाज न्हाय वाटत?"

तीस वर्षांत माझ्यावरून त्या लेकाला पहिल्यांदा रागावत होत्या. मला इतका आनंद झाला की तो मी लपवलाही नाही. त्या माझ्या आधारानं उठल्या, आणि उठून उभ्या राहिल्या तरी बोलायच्या थांबल्या नाहीत. न्हाणीघराच्या दारापर्यंत त्याला रागावत होत्या, आणि तिथपर्यंत माझा हात त्यांच्या हातात होता.