एक्सपोजर कुणी कमी केलं?

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही उज्ज्वलाताईला ओळखत नाही. ओळखत असता तर माझी जीभ रेटली नसती.

ताई माझ्याच ऑफिसात आहे, परभणीला. पिंगळीहून रोज येते. वयानं मोठी, आणि डोक्यानं — काय सांगू! यंत्र बिघडलं की आम्ही त्याला शिव्या देतो; ती त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसते.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आम्ही दोघींनी कॅमेरा बसवला होता. समोरची वस्तू किती अंतरावर आहे, हे ठिपक्याठिपक्यानं मोजणारा. बेल्टवरून कापूस येतो, त्याचा ढीग किती उंच ते कॅमेरा सांगतो, आणि त्यावरून बेल्टचा वेग ठरतो. हे जमलं की पुढच्या सगळ्या जिनिंगचं काम ताईच्या हाताखाली द्यायचं, असं आमच्या ऑफिसच्या सरांच्या मनात होतं. ते ऐकून माझ्या पोटात दुखलं होतं. हेही सांगूनच टाकते.

तर — चित्रात आडवे काळे पट्टे यायला लागले. पट्टा आला की तिथलं अंतर कॅमेऱ्याला कळेना. ढिगाच्या जागी मध्येच खड्डा दिसायचा, बेल्ट अडायचा. मालक वैतागला. सर म्हणाले, ज्याच्या चुकीनं हे झालंय त्याच्या हाती मी पुढचं काम देणार नाही.

ताईनं मात्र आवाज चढवला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नेम. काचेवरचं कापसाचं तूस पुसलं — पट्टे तसेच. केबल बदलली. कॅमेराच बदलला. काळ्या बेल्टवर घरून आणलेली चादर अंथरली. मी नुसती बघत होते. तुम्ही कधी कुणाला असं शोधताना पाहिलंय? घाई नाही, चिडचिड नाही; चुकलेल्या प्रत्येक अंदाजावर ती खूश व्हायची, म्हणायची, चला, हे तर न्हाई!

मग भर दुपारी लाईट गेली. सगळे कपाळाला हात लावून बसले. ताईचा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, शटर उघडं होतं, बाहेरचा उजेड आत येत होता — आणि पडद्यावर एक पट्टा नाही! ती ओरडली, "जनरेटर लावू नका! थांबा जरा!" लाईट आली, पट्टे आले. ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली.

दिवे लुकलुकत होते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा राहतो त्याला एक्सपोजर म्हणतात. तो वेळ पुरेसा असला की लुकलुक मिसळून जाते, फारच कमी असला की तीच चित्रात पकडली जाते. ताईनं आकडा पाहिला. फारच कमी होता. तिनं बेल्टवर न लुकलुकणारे दिवे लावून घेतले आणि काम फत्ते. अजूनही मला वाटतं, असं काम मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

पण ती तिथं थांबणारी नव्हती. आकडा कमी झाला कसा? कॅमेऱ्याला हात लावणाऱ्या आम्ही दोघीच. तिनं मला विचारलं — संशयानं नाही हो, नुसतं कुतूहल, — "एक्सपोजर तू कमी केलंस का गं?"

केलं होतं. मीच. पट्टे यायच्या आदल्या दिवशी सकाळी पळत्या बेल्टवर कापूस फरफटलेला दिसत होता. मी प्रोग्रॅममधला एक आकडा कमी केला आणि चित्र लख्ख झालं. दिवे तेव्हा लावलेले नव्हते; नुसत्या बाहेरच्या उजेडात पट्टे दिसायचा प्रश्नच नव्हता. सरांना मी सांगितलं, प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली. सरांनी शाबासकी दिली, मी घेतली.

आणि ताईला म्हणाले, "न्हाई ताई. मी तर हातच लावला न्हाई."

दोघींतली एक नाही म्हणाली, मग उरली कोण? तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. "मंग माझ्याच हातून झालं असंल. ध्यानात कसं न्हाई माझ्या?" संध्याकाळी तिनं सरांना तसंच सांगितलं. मी शेजारीच उभी होते. पुढच्या जिनिंगचं काम मला मिळालं. असंच होणार, हे मला 'न्हाई' म्हणतानाच माहीत होतं.

आता ती माझ्या हाताखाली आहे. कॅमेरा अजूनही तीच बसवते, तितक्याच निगुतीनं. फक्त शेवटी, पूर्वी कधी मारत नव्हती, ती हाक मारते. "एकदा तू बघ गं. माझा मलाच भरवसा न्हाई राहिला." मी जाते. वाकून सगळे आकडे बघते. एकही चूक नसते. बरोबर आहे, म्हणते — आणि ती सुटकेचा निःश्वास टाकते.